तपकीर गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

आईचा मर्फी रेडिओ तुम्ही पुन्हा बोलता केलात, त्याबद्दल मनापासून आभार. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून सविस्तर पत्रातूनच लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं, "आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथ बसवू." तुम्ही मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलंत, ब्रशने धूळ झाडलीत आणि म्हणालात, "ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे ना, मग होईल." सुकलेले कंडेन्सर बदललेत, तुटलेला डायलचा दोरा चाकांवरून नव्याने ओवलात. झाकणाच्या आत अडकलेलं आजोबांचं रेडिओ-परवान्याचं पोस्टाचे शिक्के मारलेलं पुस्तकही जपून हातात ठेवलंत.

पण खरी कमाल एफएमची. आईची विविध भारती पुण्यात १०१ एफएमवर लागते आणि हा सेट निव्वळ मीडियम वेव्ह-शॉर्ट वेव्हचा. तुम्ही छोटं एफएम किट आणून मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला जोडलंत. त्यामुळे आवाज अजूनही त्याच जुन्या काचेच्या व्हॉल्व्हमधून, त्याच मोठ्या स्पीकरमधून येतो. जुन्याला धक्का न लावता नवं घरात घेतलंत. रेडिओ टिकवायचा तर असाच टिकवावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आईसाठी हा रेडिओ काय आहे, ते तुम्हाला सांगायलाच हवं. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं, तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली आणि गाणी परत आली. आईला गाणं शिकायला मिळालं नाही. 'संगीत सरिता'मध्ये एखादे जाणकार राग उलगडून सांगत, मग त्याच रागातलं चित्रपटगीत लागे. पोळ्या लाटता लाटता तेवढ्यावर ती राग ओळखायला शिकली. आजही गाण्याचे सुरुवातीचे सूर वाजले की आधी "यमन" म्हणते, मग गाण्याचं नाव सांगते.

आणि निवेदक! गायक, गीतकार, संगीतकार, तिघांची नावं सांगितल्याशिवाय ते गाणं लावत नसत. गीतकार पी. सावळाराम आणि संगीतकार वसंत प्रभू ही नावं आमच्या घरात मुलांनाही ठाऊक आहेत ती 'आपली आवड'मुळे. फोनवर गाण्यामागून गाणं वाजत राहतं, पण चाल कोणाची हे कोणी आपणहून सांगत नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

रेडिओची वाट अवघड झाली आहे, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहता. फोनमधला एफएम बंद ठेवू नका, असं २०२३ साली केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं. मीडियम वेव्ह लावावं तर नुसती खरखर. त्यावरही तुम्हीच फोनवर म्हणालात, "ताई, खोलीतला एलईडी दिवा आणि चार्जर बंद करून बघा." केले, आणि खरखर निम्म्याने उतरली! आता संध्याकाळी आईच्या खोलीत जुना पिवळा बल्बच लावतो.

काका, तुमच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकणारा तो मुलगा पाहून फार बरं वाटलं. त्याला सगळं शिकवा, विशेषतः डायलचा दोरा ओवणं. दिवाळीनंतर मामांचा फिलिप्स घेऊन येते. त्याचा हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा दिवा, पेटतो, पण आवाज येत नाही. घाई नाही, तुमच्या सवडीने बघा.

आपली,
मर्फीवाल्या आजींची मुलगी