आगर साफ करून घेण्याबद्दल

पुणे, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गोठ्यामागचे पत्रे उचलताना खालून फुरसं निघालं, हे मला आईकडून कळलं, तेही चार दिवसांनी. तिच्यावर रागावू नका. फोनवर विषय काढला असता तर "आपल्याकडे फुरशी काय नवीन आहेत का" म्हणून तुम्ही तो बाजूला सारला असता, म्हणून हे पत्र. फुरशी नवीन नाहीत, मान्य. पण तुम्ही पंच्याहत्तरीला आलात, सुक्या पाचोळ्यात हा विषारी साप भर उजेडातही दिसत नाही, आणि केळशीहून दापोलीला पोचेपर्यंत किती वेळ जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

यंदा पोफळी-कलमांचं आपलं आगर माणसं लावून साफ करून घेऊ या. सगळं, मागच्या गडग्यापर्यंत. खर्च मी करणार आहे आणि त्यावर आपण वाद घालायचा नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेल्या पोफळी अजून तिथेच कुजत पडल्यात. त्यांच्यावर गोठ्याचे फुटके पत्रे, पत्र्यांवर जुना पंप, वाकलेले पाइप, तुटक्या खुर्च्या, आणि या सगळ्यावर सहा पावसाळ्यांचं रान. तुम्ही रोज थोडं थोडं उपसता, पण खालपर्यंत हात कधी पोचत नाही. वादळानंतर वीज नव्हती त्या दिवसांत तुम्ही एकट्याने विहिरीपर्यंतची वाट मोकळी केलीत, ते मी विसरलेले नाही. तेव्हा टाळेबंदीमुळे मी येऊ शकले नाही, ही बोच माझ्या मनात अजून आहे. हे पत्र थोडं त्या बोचणीतूनही आलंय.

रान काढायचं काम सोपं आहे. वाडीतल्या दोघा मुलांकडे ग्रासकटर आहेत, हजार-बाराशे रोज आणि पेट्रोल आपलं. मोहोर यायच्या आत, आत्ताच बेणून घेतलं की कलमांखाली फिरता येईल. मात्र यंत्राच्या दोरीला पोफळीचं रोप आणि दिंड्याचं रान यांतला फरक कळत नाही. तो तुम्हालाच कळतो. म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी तुम्ही राखायच्या प्रत्येक रोपाला लाल चिंधी बांधून ठेवा. जायफळाची दोन रोपं आणि सुरंगीचं ते एक विसरू नका. काम चालू असताना पडवीत खुर्ची टाकून बसा आणि तिथून सांगा. तुमच्याशिवाय ते आगर कुणाला कळणार आहे? पण दगडांचा ढीग, ओंडके यांना हात तुम्ही लावायचा नाही. मुलांनाही गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय लावू द्यायचा नाही. ते मी आणते.

भंगाराचं मात्र जपून करायचं. दोन वर्षांपूर्वीचा तो टेम्पोवाला आठवतो ना? चार हजार घेऊन गेला आणि आठ दिवसांनी आपल्याच घरातली गादी आणि तुमच्या नावाचं जुनं पासबुक खाडीकडच्या तिवरांत सापडलं. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. तेव्हापासून "घाण आपल्या हद्दीत राहिलेली बरी" असं तुम्ही म्हणता, आणि मला ते पटतं. म्हणूनच या वेळी आधी विचारायचं की माल कुठे जाणार. लोखंड, पंप, पाइप आपला नेहमीचा भंगारवाला वजनावर नेईल. गाद्या-खुर्च्या नेणाऱ्याला अर्धेच पैसे आधी द्यायचे, आणि उरलेले माल उतरवल्याची जागा दाखवल्यावर.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते.

माळ्यावर फवारणीच्या बाटल्या आहेत. मी मे महिन्यात पाहिल्या. मोनोक्रोटोफॉसची अर्धी बाटली, लेबलावर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल वर्गातलं विष. तिच्यामागे एंडोसल्फानचा डबा आहे, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. चौदा वर्षं ते आपल्या तांदळाच्या पिंपावर बसून आहे. आई, फवारणीच्या धुतलेल्या कॅनमध्ये तू चुना ठेवतेस, तोही कॅन काढायचा. कितीही धुतला तरी तो घरात वापरायचा नसतो. बाबा, हे औषध मोरीत ओतायचं नाही, पुरायचं नाही, पाचोळ्याबरोबर जाळायचं नाही. आपली माती जांभ्याची, वरचं पाणी झिरपायला वेळ लागत नाही, आणि विहीर तिथून वीस पावलांवर आहे. बाटल्या आहेत तशा, झाकण घट्ट, उभ्या, प्लास्टिकच्या बादलीत ठेवून बादली पडवीतल्या कुलपाच्या खोलीत ठेवा. नाही, तुम्ही नका उतरवू. मी येईपर्यंत माळ्याची शिडीच काढून ठेवा.

फुटके पत्रे त्याहून फसवे. ते सिमेंटचे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्या काळच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. अखंड पत्रा जागेवर असला तर विशेष त्रास नाही. तो फुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. तुम्ही म्हणाल, मला आता तीस वर्षांनी काय होणार. पण पत्रे उचलणारी मुलं बावीस-तेवीस वर्षांची आहेत, बाबा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. म्हणून हे काम त्यांना सांगायचं नाही. पत्रे रस्त्याच्या भरावालाही द्यायचे नाहीत, कुणी मागितले तरी. तूर्त कुणी न हलवता त्यांवर ताडपत्री टाकून ठेवा. मी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूणच्या कार्यालयात जाऊन विचारते. तळोज्याला घातक कचऱ्याची व्यवस्था आहे, तिथवर हे न्यायला परवानाधारक माणूस कोण ते त्यांच्याकडून लेखी घेते. बाटल्यांचंही तिथेच विचारते. महिना लागला तरी चालेल.

इन्व्हर्टरच्या दोन मेलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, तो जास्त पैसे देत असला तरी. त्या फोडून ॲसिड जमिनीवर ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. दापोलीचा बॅटरीवाला जुनी परत घेतो, नव्या बॅटरीच्या किमतीतून वजाही करतो. गेलेल्या ट्यूबलाइट, सीएफएल आणि जुना टीव्ही मी गाडीत घालून पुण्याला आणते. इथे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई ई-कचरा वेगळा घेतात. ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. त्या जुन्या साडीत गुंडाळून ठेव, आई. निळी नको, ती मला हवी आहे.

२८ तारखेच्या शुक्रवारी रात्री निघते, पहाटेपर्यंत पोचेन. शनिवारी सकाळी आठला मुलं येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. आई, चौघांचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण लागेल, पण एकटी राबू नकोस, शेजारच्या काकूंना पोळ्या सांग, पैसे मी देईन.

बाबा, चिंध्या बांधून झाल्या की मला फोन करा. किती रोपं झाली ते सांगा.

तुमची,
धाकटी