चर्चच्या दारातून दवाखान्यापर्यंत

संपादक महोदय,

गेल्या वर्षी सहा महिने लेकीकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात होते. शेजारच्या आजी एकट्या, नजर अधू, गाडी चालवणं सुटलेलं, आणि गावात बस नाही. दर गुरुवारी त्यांच्या चर्चमधले एक निवृत्त गृहस्थ यायचे. वॉकर घडी करून डिकीत ठेवायचे, आजींचा पट्टा लावून द्यायचे. डॉक्टरांकडे नुसतं सोडून जायचे नाहीत, बाहेर थांबायचे. मला त्या थांबण्याचंच अप्रूप वाटलं.

त्याच चर्चच्या हॉलमध्ये डिसेंबरात, पिकवणाऱ्यांना नि बनवणाऱ्यांना रास्त भाव देऊन घेतलेल्या कॉफीचं, हातकामाच्या वस्तूंचं विक्रीचं टेबल लागलं. ही परंपरा तिथे जुनी आहे. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) बाईंनी पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या गरीब बायकांचं भरतकाम विकायला सुरुवात केली; त्यातून पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ची दुकानं उभी राहिली. आपल्या अंधेरीतही ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था वस्तीतल्या महिलांसाठी असंच काम करते.

आमच्या कोथरूडमध्ये मुलं परदेशी असलेली कितीतरी घरं आहेत. देवस्थानांनी, गणेश मंडळांनी आठवड्याला एक गाडी आणि एक माणूस एवढं तरी ठरवावं. मी अजून गाडी चालवते. माझी मंगळवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवीन.

— एक वाचक, कोथरूड, पुणे