रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी फिट येऊन तुमच्याकडे दाखल झालेल्या मुलीचा मी मोठा भाऊ. चार दिवस तिचं डोकं ठणकत होतं, आडवं पडलं की जास्तच, पहाटे उलट्या. आम्ही घरचे सगळे म्हणत राहिलो, ओली बाळंतीण, जागरणं होतायत, दुखायचंच. सत्ताविसाव्या वर्षी कुणाला अर्धांगवायू होतो हे मनातच आलं नाही. मग उजवा हात लुळा पडला.

तुम्ही फिल्म दिव्यासमोर धरलीत. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी, शेजारी थोडा रक्तस्राव. म्हणालात, हेपॅरिन सुरू करतोय. मी जवळजवळ ओरडलोच, "आत रक्त सांडलंय आणि तुम्ही रक्त पातळ करणार?" तुम्ही रागावला नाहीत. कागद ओढून त्यावर मोरी काढलीत. मोरी तुंबली की पाणी उलटं घरात येतं. फरशी पुसत बसून काय उपयोग, आधी मोरी मोकळी व्हायला हवी. इथलं रक्त तुंबल्यामुळेच फुटलंय. हेपॅरिननं गुठळी वाढायची थांबते, मग शरीर ती हळूहळू विरघळवतं. मी सही केली.

पहाटे तीनला तुम्ही पुन्हा आलात. मी पंपाच्या करड्या पडद्यावरचे काळे आकडे बघत उभा होतो. काय करता, विचारलंत. बारावीला फिजिक्स शिकवतो म्हटल्यावर म्हणालात, मग हे आकडे कसे उमटतात ते सांगा. मी सांगत गेलो. दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा केसाहून कितीतरी पातळ थर. त्याचे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत जिन्यासारखे वळत ९० अंश फिरतात, प्रकाशही त्यांच्याबरोबर वळतो आणि पलीकडे निघतो. जरासा विद्युतदाब दिला की रेणू ताठ उभे राहतात, जिना मोडतो, न वळलेला प्रकाश पलीकडच्या पोलरायझरच्या गाळणीत अडतो, तेवढा भाग काळा दिसतो. दाब काढला की रेणू पुन्हा वळतात. "आपोआप?" तुम्ही विचारलंत. हो, आपोआप. अशा वेळी कुणी शिकवणी घ्यायला सांगत नाही. माझे हात थरथरत होते म्हणून तुम्ही सांगितलंत.

पाचव्या दिवशी तिनं उजव्या हातानं बाळाच्या झबल्याची नाडी बांधली. सैल बांधली, पण बांधली.

पुढचंही तुम्हीच मार्गी लावलंत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या तरी बाळाला पाजायचं थांबवू नका म्हणालात. आईनं शेपूची भाजी बंद करू का विचारलं, तेव्हा बंद नको, दर आठवड्याला साधारण तेवढीच द्या, म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये टिकेल, असं समजावलंत. आणि आनुवंशिक तपासणीची घाई करू दिली नाहीत. बाळंतपणात, ताज्या गुठळीत आणि त्या गोळ्यांवर असताना गुठळी होऊ न देणारं रक्तातलं प्रोटीन एस कमीच दिसतं, उगाच शिक्का बसेल, म्हणालात. वर्षभरानं गोळ्या थांबल्या, काही आठवडे गेले, मग तपासलं. खरंच कमी होतं. तुमच्या सांगण्यावरून मीही तपासून घेतलं, माझंही कमी आहे. गुठळी मला झालेली नाही, पण आता लांबच्या बसप्रवासात मी दर थांब्याला उतरून चालतो, आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर हे आधी सांगायचं हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आमच्या आजीचा पाय बाळंतपणात सुजला आणि त्यातच ती गेली, असं आई सांगते. ते हेच होतं का, आता कोण सांगणार. तिला मोरी काढून दाखवणारं कुणी भेटलं नाही.

बहिणीला सातवा महिना लागलाय. गर्भनिरोधक गोळी तिनं तुम्ही सांगितल्यापासून घेतली नाही. हे बाळ ठरवून, तुमच्याच विभागाला विचारून. रोज संध्याकाळी पोटाला हेपॅरिनचं इंजेक्शन स्वतः टोचून घेते, बाळंतपणानंतरही सहा आठवडे घ्यायचंय. थोरली शेजारी बसून फुंकर घालते.

तो मोरीचा कागद तिच्या फायलीत पहिल्या पानावर आहे. रविवारी डोहाळजेवण आहे. ड्यूटी नसेल तर नक्की या.

तुमचा कृतज्ञ,
तिचा दादा