रंगपट्टी आधी वाच

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

कार्बन डायऑक्साइडचा लाल रंग वर्षागणिक गडद होत जाणारा उपग्रहाचा नकाशा तू पाठवलास आणि तो खरा मानावा का, असे विचारलेस. खरा मानावा, पण आधी त्याच्या कडेची रंगपट्टी वाचावी. अशा नकाशांत निळ्यापासून लालपर्यंतचा फरक पुष्कळदा दहा-पंधरा पीपीएमचाच असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे दहा-पंधरा रेणूंचा. एकूण प्रमाण चारशेच्या वर असताना एवढासा फरक टिपणे, हेच खरे कसब आहे.

उपग्रह वायू मोजत नाही, प्रकाश मोजतो. जुलै २०१४ मध्ये सोडलेला नासाचा ओसीओ-२ सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून परावर्तित सूर्यप्रकाशाचा वर्णपट घेतो. त्यात १.६१ आणि २.०६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ कार्बन डायऑक्साइडने, तर ०.७६ मायक्रॉनजवळ ऑक्सिजनने शोषलेल्या प्रकाशाच्या काळ्या रेषा उमटतात. ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ स्थिर असल्याने, त्याच्याशी तुलना करून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभातील सरासरी काढता येते. ढग आडवे आले की ते मोजमाप बाद होते, म्हणून एखाद्या ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये.

महिनाही पाहावा. उत्तर गोलार्धात मे महिन्याच्या सुमारास प्रमाण शिगेला पोहोचते आणि वनस्पती वाढीला लागल्या की सप्टेंबरपर्यंत उतरते. त्यामुळे मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी. १९५८ मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ या डोंगरावर मोजणी सुरू केली, तेव्हा सुमारे ३१५ पीपीएम असलेले प्रमाण २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेले होते.

मग उपग्रहाने नवे काय दिले? २०१५-१६ च्या एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, काळात उष्ण कटिबंधातील जमिनीने नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन हवेत सोडला, आणि प्रत्येक खंडात त्याचे कारण निराळे निघाले: दक्षिण अमेरिकेत दुष्काळाने प्रकाशसंश्लेषण मंदावले, आफ्रिकेत उष्णतेने कुजण्याची क्रिया वाढली, इंडोनेशियात आगी लागल्या. एका डोंगरावरील यंत्राला हा भेद दिसला नसता. मला तरी हीच या मोहिमेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

मला काळजी वाटते ती या नोंदींच्या सलगतेची. दोन वर्षांसाठी बनवलेल्या ओसीओ-२ ने दशकाहून अधिक काळ काम केले, पण संवेदक झिजतातच. जुना उपग्रह चालू असतानाच नवा वर गेला, तरच दोघांची मोजमापे एकमेकांशी ताडून पाहता येतात. मध्ये खंड पडला, तर दिसणारा फरक हवेतला की यंत्रातला, हे ठरवणे फार अवघड होऊन बसते.

तुझी,
आई