ईसीएम वाचवणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर कौतुक केलं की तुम्ही फडक्याला हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

गाडी जुनी, पेट्रोलची. चावी फिरवली की पंखा सुरू, तापमानाचा काटा मात्र तळाशी. गरम इंजिन बंद केलं की परत चालू व्हायला नखरे, धुराला पेट्रोलचा वास. एका गॅरेजात ‘ईसीएम गेलाय’, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरच गेलाय, म्हणून भलामोठा आकडा सांगितला होता.

तुम्ही आधी स्कॅनर लावला. भर मे महिन्यात, सोलापुरात, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान उणे ४० अंश! ‘लडाखला गेलती का काय गाडी?’ म्हणालात आणि कामाला लागलात. उणे ४० म्हणजे सर्किट कुठंतरी तुटलंय. हे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढून दोन्ही पिना तारेनं जोडल्या, तर आकडा एकदम वरच्या टोकाला. म्हणजे वायरिंग ठीक, ईसीएमही ठीक, दोष सेन्सरचा. बस, पाच मिनिटांचं काम. पण ते आधी कुणी केलं नव्हतं.

खरी कसरत पुढं होती. सेन्सर इंजिनच्या मागं, मॅनिफोल्डच्या नळ्यांखाली. हात जातो तिथं नजर जात नाही, नजर जाते तिथं हात जात नाही. मी घाई करत होतो, तुम्ही गरम इंजिनला पाना लावायला साफ नकार दिलात. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, एअर फिल्टरचा डबा आणि होज बाजूला केला, थोडं कूलंट उतरवलं. सेन्सर बसतो ते हाउसिंग ॲल्युमिनियमचं, जोर केला तर आटे जाणार. म्हणून तेल मारून थांबलात, मग छोट्या आरशात बघत सेन्सर थोडा थोडा सैल केलात.

नवा बसवण्याआधी चहावाल्याकडून गरम पाण्याचा ग्लास मागवून तो त्यात बुडवलात. मीटरवर ओमचा आकडा हजाराच्या वरून घसरत तीन-चारशेवर आला. तापेल तसा रोध कमी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी तिथं पाहिलं.

बोअरचं पाणी घालू दिलं नाहीत, क्षार साचतात म्हणून. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच. आणि कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला त्या उकाड्यात हीटर लावून, पंखा स्वतःहून लागेपर्यंत आणि बंद होईपर्यंत उभे राहिलात. घाम तुमचा, गाडी माझी. मजुरी विचारली तर सेन्सरचं बिल पुढं केलंत आणि वर जी जेमतेम मजुरी सांगितलीत, ती ऐकून मीच थोडे जास्त ठेवले.

पुढच्या आठवड्यात मेव्हण्याची गाडी येतेय. तिचा पंखा लागतच नाही म्हणतो. रात्रीच आणून लाव, सकाळी थंड इंजिनवरच काका हात लावतात, असं त्याला बजावलंय.

आपला,
होटगी रोडवरचा एक गिऱ्हाईक