मंत्रिमहोदय, धोक्याच्या आकड्यामागचं गृहीतकही तपासा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी रासायनिक कारखान्यांत मेंटेनन्स इंजिनियर म्हणून काम केलं आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ ला झाला. दोन्ही वेळी मला माझ्या एका जुन्या कारखान्यातला पंप आठवला. सुरक्षा अहवालात रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारे दोन पंप होते, एक चालू, एक स्टँडबाय. प्रत्यक्षात स्टँडबायचं मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याजवळची गळती रोखणारा भाग) काढून चालू पंपाला बसवलेलं होतं. नवं सील यायला सहा आठवडे गेले. तेवढे दिवस दोन पंप फक्त कागदावर होते.

अशा अहवालात फॉल्ट ट्री मांडतात, म्हणजे कोणकोणते बिघाड जुळले तर अपघात होईल याचा झाडासारखा आराखडा. प्रत्येक संरक्षण निकामी असण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर तिन्ही एकदम निकामी असण्याची शक्यता, म्हणजे तिघांचा गुणाकार, दहा लाखांत एक येतो. ही पद्धत चांगली आहे. कच्चा दुवा लगेच दिसतो, हिशेब कोणालाही तपासता येतो. पण तिन्ही संरक्षणं एकमेकांशी संबंध नसताना बिघडतात, हे त्यात गृहीत असतं. दहातला एक बिघाड जरी तिन्ही एकदम पाडणारा निघाला (वीज गेली, देखभाल लांबली), तर तीच शक्यता हजारात एकच्या घरात जाते. १९८४ मध्ये भोपाळला टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची पाइपही दुरुस्तीसाठी काढलेली होती.

मॉन्टे कार्लो सिम्युलेशनमध्ये तोच कारखाना संगणकावर हजारो वेळा चालवतात. सील उशिरा येणं, एकुलता फिटर दुसऱ्या प्लांटवर अडकणं, हे सगळं त्यात धरता येतं. मात्र दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट नीट पकडायची तर कोटभर फेऱ्या लागतात, आणि बिघाडांचे आकडे कारखान्यातले नसून हँडबुकातून उचललेले असले तर त्या फेऱ्याही वाया. म्हणून मला दोन्ही पद्धती हव्यात.

१९८९ च्या घातक रसायन नियमांखालच्या सुरक्षा अहवालात प्रत्येक गृहीतक लिहायला लावा. वीज, कूलिंग किंवा दुरुस्तीची माणसं सामाईक असतील तिथे कारखान्याच्या स्वतःच्या ब्रेकडाउन रजिस्टरवरून केलेलं सिम्युलेशन मागा. लहान कारखान्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ते करून द्यावं.

आणि तपासणीला गेलेल्या निरीक्षकांना एक आदेश द्या: अहवालातला स्टँडबाय पंप समोर सुरू करून दाखवायला सांगायचा.

आपला,
एक मेंटेनन्स इंजिनियर