परळच्या त्या ताईंचे आभार

गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा गावाकडच्या डॉक्टरांनी ‘मुंबईला न्या’ एवढेच सांगून फाईल हातात ठेवली. परळच्या रुग्णालयात पोहोचलो खरे, पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद दाखवायचा हे काही केल्या उमगेना, आणि स्कॅनची सीडी गावीच राहिल्याचे कळताच वडील पायरीवर मटकन बसले.

तिथे मदतनीस असलेल्या एका ताईंनी आमची फाईल मागून घेतली, एएफपी (यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणारे रक्तातले प्रथिन) आणि हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणूचा संसर्ग) या रक्ततपासण्यांचे अहवाल तारखेप्रमाणे लावले आणि सीडी दुसऱ्या दिवशी येईल अशी व्यवस्था स्वतः फोन करून केली. पुढे डॉक्टरांनी ‘टेस’ हा उपचार सुचवला, तेव्हा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीतच औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा अडवतात, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावले. ‘म्हणजे पाटाचं पाणी तोडायचं,’ वडील म्हणाले आणि दोन दिवसांनी प्रथमच पोटभर जेवले.

हिपॅटायटिस बी एकाकडून दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून घरातल्या सर्वांनी त्याची तपासणी करून घ्यावी, हेही त्यांनीच बजावले. तोवर आम्हाला ते कोणीच सांगितले नव्हते, याचे आजही नवल वाटते. आम्ही तिघे भाऊ निगेटिव्ह निघालो आणि लसीचे तिन्ही डोस आता पूर्ण झाले आहेत.

ताई, आपले नाव विचारायचे राहून गेले. ते पान वडिलांनी फाईलमध्ये जपून ठेवले आहे. आपले मनःपूर्वक आभार.